सॅमनच्या वाटेवर, बाबांबरोबर

बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. सातारा जिल्ह्यातले कालवे, चाऱ्या, कोल्हापुरी बंधारे, उन्हाळ्यातल्या पाणीपाळ्या. यंदा ते सिएटलजवळ आमच्या घरी राहायला आले तेव्हा मी म्हटलं, "बाबा, इथे धरणं पाडून नदी मोकळी केलीय. बघायला जाऊ या." त्यांनी चष्मा काढला. "कुणी पाडली? सरकारनं? आणि लोकांनी पाडू दिली?"

या शेवटच्या प्रश्नासाठीच मला त्यांना न्यायचं होतं.

मी आमच्या नदीखोऱ्याच्या नागरिक समितीवर आहे. वॉशिंग्टन राज्यानं १९९८ साली सॅमन वाचवण्यासाठी कायदा केला. त्यात राजधानीतून आराखडे पाठवण्याऐवजी खोऱ्याखोऱ्यातल्या लोकांवर काम सोपवलं. पुढच्याच वर्षी प्यूजेट साउंडचा, म्हणजे सिएटलजवळच्या समुद्राच्या फाट्याचा, चिनूक सॅमन संघराज्याच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. आता प्रत्येक खोऱ्यात दोन समित्या असतात. तांत्रिक समिती विचारते, या कामानं माशाला फायदा होईल का? आमची समिती विचारते, हे काम इथली माणसं होऊ देतील का, टिकवतील का? मग क्रमवारी लागते आणि राज्याच्या मंडळाकडून पैसे येतात. प्रस्ताव वाचून वाचून मला नकाशे पाठ झालेत. झालेली कामं, तीही दुसऱ्या खोऱ्यांतली, सलग बघायची होती.

सॅमन नदीच्या गार, वाहत्या पाण्यातल्या खडीत जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि काही वर्षांनी अंडी घालायला आपल्याच नदीत परततो. अंडी घातली की बहुतेक जाती तिथेच मरतात, आणि त्यांच्या शरीरातलं समुद्राचं सत्त्व जंगलाला मिळतं. या वाटेवर कुठेही उंच मोरी, बंधारा किंवा तापलेलं पाणी आडवं आलं की पुढची पिढी नाही. म्हणून डोंगरापासून खाडीपर्यंत सगळीकडे काम करावं लागतं, आणि तेवढ्या लांबीत जमिनीचे मालक शेकड्यांनी असतात.

गुरुवार, निस्क्वाली

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. महामार्गानं दक्षिणेला उतरत निस्क्वाली नदीच्या मुखाशी आलो. इथे १९०४ साली एका शेतकऱ्यानं भराव घालून भरतीचं पाणी अडवलं आणि खाडीची शेतजमीन केली. बाबांना हे लगेच समजलं. कोकणात याला खारबंदिस्ती म्हणतात, आपल्या खात्यातल्या लोकांनीही ती केलीय. २००९ साली हा भराव फोडला आणि ७६२ एकरांवर भरतीचं पाणी परत आलं.

लाकडी पुलावरून आम्ही चिखलाच्या मैदानात लांबवर गेलो. ओहोटी होती. चिखलात झाडाच्या फांद्यांसारखे ओहळ पसरलेले. ते कुणी खणले, असं बाबांनी विचारलं. बरेचसे भरती-ओहोटीनं स्वतः कोरले, काही जुन्या खुणा बघून मोकळे करून दिले होते. समुद्रात जाण्याआधी चिनूकची बोटभर पिल्लं या ओहळांत थांबतात, पोटभर खातात, खाऱ्या पाण्याला सरावतात. इथून ती मोठी होऊन गेली तर समुद्रात जगण्याची शक्यता वाढते.

सगळी जमीन मात्र खाडीला दिलेली नाही. आत नवा भराव घालून गोड्या पाण्याची दलदल राखली आहे, कारण बदकं बघायला येणाऱ्या लोकांचं त्या पाणथळीवर प्रेम होतं. समितीत बसल्यापासून अशा तडजोडी मला कमीपणाच्या वाटत नाहीत. कागदावर पूर्ण मोकळी खाडी सुंदर दिसते, पण ज्यांना तिथे रोज यायचं असतं त्यांना वगळून ती झालीच नसती.

या खाडीतल्या अभयारण्याला बिली फ्रँक ज्युनियर यांचं नाव आहे. निस्क्वाली या मूळनिवासी जमातीचे हे मच्छीमार १९३१ साली जन्मले. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५४ च्या करारात जमातींनी जमीन दिली, पण नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क राखला होता. राज्य तो मानेना. आपल्याच नदीत जाळं टाकल्याबद्दल फ्रँक यांना पन्नासहून जास्त वेळा अटक झाली, पहिली चौदाव्या वर्षी. १९७४ साली न्यायमूर्ती बोल्ट यांनी निकाल दिला: धरण्याजोग्या माशांपैकी निम्म्यांवर करारातल्या जमातींचा हक्क, आणि मत्स्यव्यवस्थापनात त्या राज्याच्या बरोबरीच्या भागीदार. इथल्या बैठकांमध्ये जमातीचे जीवशास्त्रज्ञ आणि अभियंते टेबलाच्या मधोमध बसतात, ते या निकालामुळे. 'स्थानिक सहभाग' हे शब्द मी अनेक अर्जांत वाचते. निस्क्वालीत त्यामागे करार, तुरुंग आणि न्यायालय आहे, आणि ते विसरून कुणी प्रस्ताव लिहू नये असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी हूड कॅनॉल या समुद्राच्या लांबट फाट्याच्या कडेनं उत्तरेकडे निघालो. एका ओढ्यावर नवा पूल दिसला म्हणून थांबलो. पूर्वी अशा ठिकाणी सहसा पत्र्याची नाहीतर काँक्रीटची मोरी असे. मोरीचं तोंड ओढ्याच्या वर राहिलं की पाणी धबधब्यासारखं पडतं आणि मासा वर चढू शकत नाही. जमातींनी यावरही दावा लावला: मासे धरायचा हक्क आहे म्हणता, मग माशांची वाट बंद करून कसं चालेल? २०१३ साली न्यायालयानं राज्याला अशा मोऱ्या बदलायचा आदेश दिला, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात मतं समसमान पडून तो कायम राहिला. मी बाबांना नवं सूत्र सांगितलं: ओढा काठोकाठ भरल्यावर जेवढा रुंद होतो त्याच्या १.२ पट, अधिक दोन फूट, एवढी मोरीची रुंदी. आणि तळाला ओढ्याचीच खडी. बाबांनी खिशातली डायरी काढून ते लिहून घेतलं. "आम्ही पूर किती येईल तेवढंच बघायचो," म्हणाले. "तळ काय असावा हे कुणी विचारलंच नाही."

शुक्रवार, ब्लिन आणि सेक्विम

सकाळी ब्लिनला माझी एक ओळखीची बाई भेटली. नदीची कामं उभी करणं हेच तिचं काम. तिनं आम्हाला जिमीकमलेटली नावाच्या ओढ्यावर नेलं. जुन्या वसाहतकाळात शेतीसाठी हा ओढा उचलून खोऱ्याच्या कडेला सरळ रेषेत नेला होता, आणि मुखाशी लाकडाच्या ओंडक्यांची वखार झाली होती. सरळ ओढ्यात पाणी धावतं, खडी ठरत नाही, गाळ मुखाशी साठून पूर येतो. १९९९ साली उन्हाळी चम सॅमनची इथे फक्त सात मासे इतकी गत झाली.

सात माशांवर एक वंश. तेव्हा जेम्सटाउन स्क्लॅलम जमात, काउंटी (म्हणजे जिल्हा प्रशासन), राज्याची खाती, महामार्ग खातं आणि आजूबाजूचे जमीनमालक एकत्र आले. उरलेल्या माशांची अंडी उबवून पिल्लं सोडायला घेतली, आणि त्याच वेळी ओढ्यासाठी नवं वळणदार पात्र कोरडंच खणलं. काठावर झाडं लावली, लाकडं बसवली, महामार्गाला नवा पूल झाला, आणि मग २००४ च्या सुमारास पाणी नव्या वाटेला वळवलं. पुढे काही वर्षी हजारावर मासे परतले.

जेम्सटाउन जमातीबद्दल एक गोष्ट बाबांना फार आवडली. १८७४ साली त्यांना दूरच्या राखीव क्षेत्रात हलवायचं घाटत होतं, तेव्हा त्यांनी वर्गणी काढून पाचशे डॉलरची सोन्याची नाणी जमवली आणि २१० एकर जमीन विकत घेतली. सरकारी मान्यता मिळायला १९८१ उजाडलं. आज या भागात नदीच्या कामात सर्वांत भरवशाची भागीदार तीच आहे. कारण उघड आहे: ते इथून जाणार नाहीत.

आम्ही काठावर बसून पोहे खाल्ले. त्या बाईलाही दिले. तिला लिंबू पिळलेले फार आवडले. मग बाबांनी तिला खात्यातल्या साहेबासारखं विचारायला सुरुवात केली. अंदाजपत्रक कोण करतं, निविदा कधी, काम किती दिवसांचं?

तिनं उलटीकडून सांगितलं. पाण्यात यंत्र उतरवायची परवानगी उन्हाळ्यातल्या मोजक्या आठवड्यांचीच, जेव्हा खडीत अंडी नसतात आणि परतणारे मासे कमी असतात. ते आठवडे पक्के. त्याच्या आधी निविदा निघायला हवी, म्हणजे वसंतापूर्वी परवाने हातात हवेत: राज्याच्या मत्स्य खात्याचा, लष्करी अभियंत्यांचा, काउंटीचा. पूररेषेतलं काम असेल तर शेजाऱ्याच्या जमिनीवर पाणी वाढणार नाही याचं गणित. त्याआधी आराखडा. त्याआधी पुरातत्त्व पाहणी. आणि सगळ्याच्या आधी जमीनमालकाची लेखी संमती, निदान दहा वर्षं काम हलवणार नाही अशी. एक परवाना महिनाभर लांबला तर काम महिनाभर लांबत नाही, वर्षभर लांबतं. शिवाय अनुदानाचे पैसे आधी मिळत नाहीत. खर्च करायचा, पावत्या लावायच्या, मग परतफेड. छोट्या संस्थेचं कंबरडं इथे मोडतं, म्हणून ती नेहमी हाती पैसा असलेला मोठा भागीदार शोधते.

पुरातत्त्व पाहणी कशाला, हा बाबांचा प्रश्न स्वाभाविक होता. तिनं पश्चिमेकडे बोट केलं. पोर्ट एंजलिसला २००३ साली पुलाच्या कामासाठी राज्यानं किनाऱ्यावर गोदी खणायला घेतली, आणि खाली क्लॅलम लोकांचं जुनं गाव निघालं, त्सेव्हिटझेन. तीनशेहून जास्त माणसांचे सांगाडे. २००४ च्या अखेरीस काम कायमचं सोडून द्यावं लागलं. नदीकाठी माणसं हजारो वर्षं राहत आली. तिथे खड्डा घ्यायच्या आधी त्यांच्या वंशजांना विचारणं हा शिष्टाचार तर आहेच, नियोजनाचा भागही आहे.

"आणि संमतीला किती वेळ लागतो?" बाबांनी विचारलं.

"त्याचा अंदाज मी कुठल्याच तक्त्यात लिहीत नाही," ती म्हणाली. एका मालकाकडे ती पहिली काही वर्षं फक्त कुंपण आणि गवताबद्दल बोलायला जात होती. मासे हा शब्द त्यानंच पहिल्यांदा काढला.

दुपारी सेक्विमला डंजनेस नदीवर. ऑलिंपिक पर्वताच्या पश्चिमेला साडेतीनशे सेंटिमीटर पाऊस पडतो आणि इथे, पर्वताच्या आडोशाला, चाळीस. महाबळेश्वर आणि माण तालुक्यासारखंच, म्हणून बाबा खूश झाले. इथे १८९० च्या दशकापासून पाटाचं पाणी आहे, आणि त्याचा उत्सव गाव दरवर्षी साजरा करतं. उन्हाळ्याच्या शेवटी नदीत पाणी कमी, त्याच वेळी शेताला हवं आणि माशालाही. १९९८ साली पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांनी राज्याशी समझोता केला: नदीत असेल त्याच्या निम्म्याहून जास्त उचलायचं नाही. मग पाटांच्या जागी बंद नळ टाकून गळती थांबवायला घेतली.

"पण मग विहिरी?" बाबांनी लगेच विचारलं. आमचा वाटाड्या झालेला शेतकरी थबकला. तोच इथला मोठा प्रश्न होता. शंभर वर्षं पाटांतून झिरपलेल्या पाण्यावर विहिरी आणि छोटे ओहळ जगले होते. पाट बंद केले तर ते आटतात. म्हणून आता हिवाळ्यात, नदी भरलेली असताना, मुद्दाम पाणी जमिनीत मुरवण्याची कामं होतात. मग पुढचा तासभर ते दोघं पाणीपाळी, शेवटच्या शेतकऱ्याला पाणी न पोचणं आणि रात्री कुणी फळी उचलतं यावर बोलत राहिले. मी मधे दुभाषी होते, पण हातवाऱ्यांनीच बरंच काम भागत होतं. २००५ च्या कायद्यानं आपल्याकडेही पाणी वापर संस्था झाल्या, काही चालल्या, काही कागदावर राहिल्या, हे बाबांनी स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, इथेही संघटना चालते ती फोन उचलणाऱ्या दोन-तीन माणसांमुळे.

खालच्या अंगाला नदीचा भराव मागे सरकवून शंभराहून जास्त एकर पूरमैदान नदीला परत दिलं आहे. नव्या भरावावरून पूर्वीचा रस्ता न्यायचा की फक्त पायवाट ठेवायची, यावर गावात मोठा वाद झाला. माशांबद्दल वाद नव्हता. रस्त्याबद्दल होता. मी वहीत ठळक लिहिलं: पहिल्या सभेतच रस्त्याचं विचारायचं.

शनिवार, एल्वा

आज बाबा पहाटेच तयार होते.

एल्वा ऑलिंपिक पर्वतात उगम पावून सुमारे ७२ किलोमीटर वाहते आणि पोर्ट एंजलिसच्या पश्चिमेला समुद्राला मिळते. १९१३ साली मुखापासून आठ किलोमीटरवर एल्वा धरण पूर्ण झालं, ३३ मीटर उंच. १९२७ साली वरच्या अंगाला ग्लाइन्स कॅन्यन, ६४ मीटर. दोन्ही विजेसाठी, मुख्यतः लाकूड आणि कागदाच्या गिरण्यांसाठी. माशांसाठी वाट ठेवली नाही, आणि तेही तशी वाट ठेवायलाच हवी असा राज्याचा कायदा असताना. शंभर पौंडी चिनूकसाठी प्रसिद्ध असलेली नदी मुखाजवळच्या आठ किलोमीटरांत आक्रसली.

गाड्या मॅडिसन धबधब्यापर्यंतच जातात. पुढचा रस्ता नदीनंच वाहून नेला आहे. मोकळी सुटलेली नदी पात्र बदलते आणि ती कुठे जाईल हे आधी पूर्ण सांगता येत नाही, याचा हा पुरावा. वळणाच्या पायवाटेनं आम्ही हळूहळू वर गेलो. बाबा रोज चालणारे आहेत, पण हे अंतर मोठं होतं. मधे तीनदा चहा झाला.

ग्लाइन्स कॅन्यनला धरण नाही, सांडवा उभा आहे. त्याच्यावर कठडे बसवून बघण्यासाठी जागा केली आहे. बाबा सांडव्याच्या टोकाशी गेले. उजव्या हाताला खोल घळीतून हिरवं पाणी जात होतं, समोर जिथे जलाशय होता तिथे कोवळं जंगल. ते बराच वेळ काँक्रीट न्याहाळत होते. "काम चांगलं होतं," म्हणाले. "सत्तावीस सालचं काँक्रीट बघ, अजून कड फुटली नाही." मग, थोड्या वेळानं, "गाळाचं काय केलं?"

मलाही नेमकं तेच सांगायचं होतं. दोन जलाशयांत मिळून सुमारे दोन कोटी घनमीटर गाळ होता. एकदम धरण फोडलं असतं तर खालचं सगळं बुडालं असतं. म्हणून २०११ च्या सप्टेंबरपासून धरणं वरून थोडी थोडी कापत आणली. मासे येण्याच्या हंगामात काम थांबवायचं, नदीला गाळ हलवायला वेळ द्यायचा, मग पुन्हा कापायचं. खालचं धरण २०१२ च्या मार्चपर्यंत गेलं, वरच्याचा शेवटचा तुकडा २०१४ च्या ऑगस्टमध्ये. गाळ समुद्रापर्यंत पोचला आणि मुखाशी झिजत चाललेला किनारा वाळूनं पुन्हा भरला.

पण कापण्याची ही तीन वर्षं म्हणजे कामाचा शेवटचा तुकडा. लोअर एल्वा क्लॅलम जमातीनं १९८६ साली परवान्याच्या सुनावणीत धरणं काढायची मागणी अधिकृतपणे मांडली. संसदेचा कायदा १९९२ चा. सरकारनं धरणं विकत घेतली २००० साली, जवळजवळ तीन कोटी डॉलरना. मग पोर्ट एंजलिस शहराचा प्रश्न: पाणी याच नदीचं, ते गढूळ झालं तर लोक काय पिणार? म्हणून आधी पाणी शुद्धीकरणाची केंद्रं बांधली, मग धरणाला हात लावला. एकूण खर्च सुमारे ३२ कोटी ५० लाख डॉलर.

"म्हणजे लोकांनी नुसती पाडू दिली नाहीत," बाबा म्हणाले. "आधी त्यांचं पाणी सोडवलं, मग पाडली."

बाबांना दुःख झालं का? मी विचारलं. ते म्हणाले, धरण कशासाठी बांधलं हे ज्याला आठवतं त्याला ते कधी काढायचं हेही कळायला हवं. आमच्याकडची धरणं पिण्याच्या पाण्याची आणि शेतीची आहेत, त्यांचा हिशोब वेगळा. इथली दोन धरणं थोडी वीज देत होती आणि अख्खी नदी अडवत होती. त्यांनी तुलना तिथेच थांबवली, आणि ते मला योग्य वाटलं.

जलाशयाच्या उघड्या पडलेल्या सुमारे आठशे एकर जमिनीवर याच खोऱ्यातलं बी गोळा करून लाखो रोपं लावली. जिथे नुसती भरड खडी होती तिथे लुपिन या शेंगवर्गीय झाडानं नत्र धरून जमीन तयार केली. जमातीचे लोक त्या कामात होते, आणि त्याच्याही आधी, १९९९ पासून, खालच्या नदीत ओंडक्यांचे मोठे अडथळे त्यांनीच बांधायला घेतले होते. अशा ओंडक्यांमागे खोल डोह होतो, खडी साठते, मासा विसावतो. बाबांनी आयुष्यभर पुरानंतर पुलाला अडकलेली लाकडं काढली. इथे अभियंते मुळांसकट झाडं आणून ती वाहून जाऊ नयेत म्हणून गणित करतात.

खालचा जलाशय रिकामा झाल्यावर क्लॅलम लोकांची सृष्टीच्या उत्पत्तीची पवित्र जागा शंभर वर्षांनी पाण्याबाहेर आली. मासेमारी त्यांनी स्वतःहून थांबवली होती, २०११ पासून. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कोहो या सॅमनच्या जातीची पहिली छोटी मासेमारी झाली, फक्त समारंभासाठी आणि घरच्या खाण्यासाठी. ज्यांनी सर्वांत जास्त गमावलं त्यांनीच सर्वांत जास्त वाट पाहिली.

परतताना नदीच्या उथळ भागात चिनूकची एक मादी शेपटीनं खडी उडवत होती. अंगाचे पर पांढरे पडलेले, शेपटी झिजलेली. बाबांनी मला गप्प राहायची खूण केली आणि मोबाइल खिशातच ठेवला.

रविवार, सेक्विमजवळ

सकाळी पाऊस होता, म्हणजे रोपं लावायला उत्तम हवा. एका गोठ्याच्या मागच्या ओढ्यावर स्वयंसेवक जमले होते: शाळेची मुलं, निवृत्त जोडपी, जमातीच्या नैसर्गिक संसाधन विभागातले दोघं, आणि ज्याची जमीन तो शेतकरी, हातात फावडं घेऊन. विलो, रेड सीडर, सिटका स्प्रूस. रोपाभोवती उंदीर-हरणांपासून बचाव म्हणून नळी, शेजारी खुंटी. दोन तासांत काठ हिरव्या नळ्यांनी भरला.

इथे खरा शत्रू रीड कॅनरी हे परदेशी गवत. ते पुरुषभर वाढतं आणि रोप गुदमरवतं. सावली पडेपर्यंत, म्हणजे बरीच वर्षं, ते कापत राहावं लागतं.

बाबांनी स्वयंसेवकांच्या प्रमुख बाईंना विचारलं, अंदाजपत्रकात देखभाल-दुरुस्तीचं शीर्ष कुठे आहे? त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं. रोपं लावायला पैसे सहज मिळतात, छायाचित्रं येतात. तिसऱ्या उन्हाळ्यात गवत कापायला मिळवणं कठीण. इथे शेतकऱ्यानं स्वतः दोन कापण्या करायचं कबूल केलं आहे, उरलेल्या स्वयंसेवकांवर.

घरी परतताना फेरी बोटीच्या रांगेत मी पुढच्या महिन्याच्या बैठकीतले दोन प्रस्ताव काढले. एकात जमीनमालकाचं पत्र होतं, दुसऱ्यात 'संमती अपेक्षित' एवढंच. देखभालीची रक्कम दोन्हीत पहिल्या वर्षापुरती. बाबांनी पेन्सिल मागून घेतली आणि दोन्हींच्या समासात तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षाचे रकाने आखून दिले. गवत कापण्याच्या मजुरीचा दर किती धरू, असं ते विचारत होते, आणि मी त्या प्रमुख बाईंना फोन लावला.